तीन देश आणि न जुळलेली कॅश

बँकेच्या कॅश काउंटरवर ज्याची हयात गेली त्याने निवृत्तीनंतर कुठेही फिरायला जावं, पण व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस हे तीन देश ओळीने करू नयेत. देश सुरेख आहेत, त्याबद्दल वाद नाही. माणसं हसतमुख, डोंगर हिरवेगार, देवळं बघता बघता मान अवघडावी अशी. पण या सगळ्याच्या आणि प्रवाशाच्या मध्ये नोटा उभ्या असतात, आणि मला नोट दिसली की दुसरं काही दिसत नाही.

हनोईच्या विमानतळावर एटीएमने मला तीस लाख दिले. आयुष्यभर मी लाखांनीच मोजले, पण ते लोकांचे. स्वतःचे तीस लाख हातात आल्यावर पाठ आपोआप ताठ झाली. शेजारच्या मशीनपाशी एक तरुण पाठपिशवीवाला होता, फाटक्या चपलांतला. तोही असाच ताठ. सौ.ने तोवर मोबाइलवर भागाकार उरकला होता. "तीनशे डोंगला एक रुपया धरा. दहा हजार झाले," ती म्हणाली. "आणि पाकीट आत ठेवा, मिरवू नका."

खरी नोट मला आधी अंगठ्याला कळते, डोळ्यांना मागाहून. व्हिएतनामने २००३ पासून प्लॅस्टिकच्या नोटा काढल्या आणि माझ्या अंगठ्याची विद्या तिथे संपली. नोटा गुळगुळीत, भिजल्या तरी ढिम्म, आणि कोऱ्या असतील तर एकमेकींना अशा चिकटतात की एक म्हणून दोन निसटाव्यात. त्यात सगळ्यांवर त्यांचे राष्ट्रपुरुष हो चि मिन्ह. तोच चेहरा, तीच दाढी. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. संध्याकाळी हातगाडीच्या दिव्याखाली दोघींत डावं-उजवं करता येत नाही आणि अंतर मात्र पंचवीस पटींचं. मी पाठीमागची चित्रं पाठ केली. वीस हजारांच्या मागे होई आनचा जुना छपराचा पूल, पाच लाखांच्या मागे हो चि मिन्ह यांचं गावाकडचं घर. सौ.ने त्याचा लगेच नियम करून टाकला. "पूल द्यायचा. घर द्यायचं नाही."

एवढी शून्यं आली कुठून, हे मी जायच्या आधीच वाचून ठेवलं होतं. (माणसं जायच्या आधी हॉटेलं वाचतात. असो.) १९८५ मध्ये सरकारने जुने दहा डोंग घेऊन नवा एक दिला, म्हणजे एक शून्य खोडलं. १९८६ मध्ये महागाईचा दर सातशे टक्क्यांच्या वर गेला आणि खोडलेलं शून्य मित्रमंडळींना घेऊन परत आलं. त्याच वर्षाच्या शेवटी 'दोई मोई' नावाने आर्थिक सुधारणा सुरू झाल्या, देश सावरला, कारखाने आले, रस्ते आले. शून्यं तेवढी राहिली. व्हिएतनामी माणूस आता ती उच्चारतच नाही. पाटीवर पन्नास लिहिलेलं असतं आणि घ्यायचे असतात पन्नास हजार. पहिल्या दिवशी मी नारळपाण्याला 'तीस' ऐकून खुशीत खिशात हात घातला. नारळवालीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, टोपलीतून कॅल्क्युलेटर काढला आणि तीनावर चार शून्यं दाबून माझ्या नाकासमोर धरला. हा कॅल्क्युलेटर या तिन्ही देशांची समाईक भाषा आहे. त्यावर विचारायचं, त्यावर नाही म्हणायचं, त्यावरच रुसायचं.

पैसे द्यायची माझी पद्धत म्हणजे नोटा एकाखाली एक लावून, मोठ्या वर, धाकट्या खाली, मग मोजणी. त्या बाईला तेवढा वेळ नव्हता. तिने माझ्या हातातल्या नोटा पत्त्यांसारख्या पसरवल्या, नेमक्या दोन ओढल्या आणि उरलेल्या मिटवून परत माझ्या मुठीत ठेवल्या. मी दोनदा तपासलं. एक वीस हजारांची, एक दहा हजारांची. एक डोंग इकडचा तिकडे नाही. तिला आमच्या शाखेत घेतलं असतं तर दुपारी तीनलाच कॅश बंद झाली असती.

नाणी तिथे चालत नाहीत. २००३ मध्ये काढून बघितली होती, लोकांनी खिशात ठेवली नाहीत, पुढे पाडणंच थांबवलं. त्यामुळे दुकानात हजार-पाचशे डोंग सुटे नसले की हातावर गोळी ठेवतात. हे बघून परदेशात आल्यासारखं वाटेना.

हनोईचा रस्ता ओलांडणं हा स्वतंत्र विषय आहे, पण त्यावर प्रत्येक प्रवासी बोलतो, म्हणून मी थोडक्यात सांगतो. दुचाकींचा लोंढा थांबत नाही. आपण थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे फिरायचं नाही. एका चालीने चालत राहायचं, म्हणजे गाड्या आपल्या दोन्ही बाजूंनी वाहून जातात. सौ. पहिल्याच दिवशी पदर खोचून पार झाली. मी पलीकडे पोचलो ते एका शाळकरी मुलीच्या मागोमाग. तिने दप्तर सावरत एकदा वळून बघितलं आणि माझ्यासाठी चाल कमी केली.

हो चि मिन्ह शहरातून कंबोडियाच्या राजधानीला, नॉम पेन्हला, आम्ही बसने गेलो. सरहद्दीच्या अलीकडे बसचा माणूस सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसाचे डॉलर गोळा करतो, त्यांना रबर बँड लावतो आणि खाली उतरून गर्दीत दिसेनासा होतो. पावती नाही, सही नाही, शिक्का नाही. मी चाळीस माणसांचे पासपोर्ट आणि रोकड विनापावती जाताना बघितली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. बाकीचे प्रवासी चिप्स खात होते. तो माणूस थोड्या वेळाने परत आला, सगळ्यांचे पासपोर्ट अचूक वाटले, नावं चेहऱ्यावरून ओळखून. पलीकडे बावेतमध्ये रस्त्याच्या दुतर्फा कॅसिनो होते, म्हणजे पैसे विनापावती जाण्याची सोय पुढेही होतीच.

कंबोडियात मला माझ्या कर्माची फळं मिळाली. तिथे दोन चलनं एकाच वेळी चालतात, डॉलर आणि रिएल. मोठा व्यवहार डॉलरमध्ये, डॉलरखालचे सुटे रिएलमध्ये, भाव एका डॉलरला साधारण चार हजार. सव्वातीन डॉलरची भाजी-भात थाळी घेऊन पाच डॉलर दिले की परत येतो एक डॉलर आणि तीन हजार रिएल. बरोबर आहे. मी कागदावर मांडून बघितलं. मी मांडून बघेपर्यंत वाढप्याने दोन टेबलं पुसली.

खरी गंमत डॉलरची. नोट कोरी हवी. घडीवर चीर गेलेली चालत नाही, कोपरा दुमडून झिजलेला चालत नाही, शाईचा ठिपका चालत नाही. नॉम पेन्हच्या बाजारात एका मुलीने माझी नोट उजेडात धरली, उलटी केली, कडेवरून नख फिरवलं, दोन बोटांत धरून परत केली आणि मान हलवली. आता, ही मान मी ओळखतो. हीच मान मी तीन तपं हलवली आहे. "ही नाही चालायची, बदलून आणा," हे मी किती पेन्शनरांना, किती भाजीवाल्यांना सांगितलं असेल, आणि दर वेळी ते जो चेहरा करत तोच माझ्या चेहऱ्यावर आता आपोआप येऊन बसला. "पण चालते की!" मी म्हणालो. मराठीत. काउंटरच्या त्या बाजूची सगळी माणसं हेच वाक्य म्हणत. सौ. बाजूला तोंड करून हसत होती, ते मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

पण या नखरेबाज डॉलरमागे जे आहे त्याला हसता येत नाही. १९७५ च्या एप्रिलमध्ये ख्मेर रूज हे कट्टर कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि त्यांनी पैसाच रद्द केला. एखादी नोट नव्हे, सगळाच पैसा. मध्यवर्ती बँकेची इमारत स्फोटाने उडवली. पुढची काही वर्षं त्या देशात चलन नव्हतं, आणि माणसं लाखांनी मेली. मार्च १९८० मध्ये रिएल परत आला तेव्हा लोक तांदूळ आणि सोन्यावर व्यवहार करत होते. मग १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची मोठी पलटण शांततेसाठी आली आणि तिच्या पगाराबरोबर डॉलर आले, ते राहिले. नॉम पेन्हमध्ये पैशाच्या इतिहासाचं संग्रहालयच आहे. मी तिथे इतका वेळ काढला की सौ.ने बाहेर बसून स्वेटरचा एक हात पूर्ण केला. संग्रहालयातून बाहेर आल्यावर मी त्या बाजारातल्या मुलीला मनातल्या मनात माफ केलं. ज्या देशात एकदा सगळ्याच नोटा चालेनाशा झाल्या, तिथे नोट उजेडात धरून बघणारच.

अंगकोरच्या देवळांचा एक दिवसाचा पास ३७ डॉलरचा, त्यावर तिथल्या तिथे आपला फोटो काढून छापतात. माझ्या फोटोत मी पाकीट शोधतो आहे. अंगकोर वाट बाराव्या शतकातलं, राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी बांधलेलं. त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर जवळपास पन्नास मीटर लांब समुद्रमंथन कोरलेलं आहे. वासुकी एका बाजूने असुर ओढतायत, दुसऱ्या बाजूने देव. मधे कासवावर मंदार पर्वत, वर अप्सरांची झुंबड. लोक भारावून उभे असतात. मीही भारावलो, पण सवय जात नाही. वाटाड्या म्हणाला, असुर ९२ आणि देव ८८. "चारचा फरक?" मी विचारलं. तो म्हणाला, तसंच आहे. आठशे-नऊशे वर्षं तो फरक तसाच पडून आहे आणि कोणी मेमो काढलेला नाही.

इथपासूनच सौ.ने हिशोबाची वही स्वतःकडे घेतली. माझ्या पद्धतीने तारीख, तपशील, चलन, दर, रुपये असे रकाने होते, आणि रात्री मी ते भरत बसलो की दिवा चालू राहतो, ही तिची तक्रार. तिच्या पद्धतीत एकच रकाना, वस्तू आणि समोर आकडा.

लाओसला पोचलो तेव्हा मी खचलेलोच होतो. लुआंग प्राबांग हे नदीकाठचं इतकं शांत गाव आहे की तिथे माणूस आवाज चढवू शकत नाही. मी वीस लाख किप हातात घेऊनही चढवला नाही. वीस लाख म्हणजे आठेक हजार रुपये. २०२१ मध्ये डॉलरला साडेनऊ हजारांच्या आसपास किप येत, दोनेक वर्षांत वीस हजार येऊ लागले. २०२३ च्या फेब्रुवारीत महागाई एक्केचाळीस टक्क्यांवर होती. हे मी वाचलेलं, पण गेस्ट हाउसच्या मेनूकार्डावर ते दिसतं. भावाच्या जागी पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या, पट्टीवर पट्टी. भात-भाजीसमोरची पट्टी मी नखाने जरा उचलली तर खाली जुना भाव, त्याच्या खाली आणखी जुना. सौ.ने हातावर चापट मारली.

तिथून राजधानी व्हिएनतियानला आगगाडी आहे, चीनने बांधून दिलेली, डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली. डोंगर पोखरत गेलेली, वेळेवर सुटणारी, आणि स्टेशनं गावापासून इतकी लांब की स्टेशनला जाणं हाच मुख्य प्रवास वाटावा. तपासणीत माझा अत्तराचा फवारा काढून घेतला. व्हिएनतियानमध्ये भर चौकात पातुसाई नावाची मोठी कमान उभी आहे. अमेरिकेने विमानतळासाठी सिमेंट दिलं होतं, त्यातून लाओसने साठच्या दशकात ही कमान बांधली. लोक तिला उभी धावपट्टी म्हणतात. एका शीर्षाखालचा निधी दुसऱ्या शीर्षाखाली खर्च केल्याचं इतकं भव्य, इतकं निःसंकोच उदाहरण मी ऑडिटच्या कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. मी तिला मनापासून नमस्कार केला.

किप लाओसच्या बाहेर फारसं कोणी घेत नाही, त्यामुळे मेकाँगवरच्या पुलाने थायलंडला जायच्या आधी ते संपवायचे असतात. पुलाअलीकडच्या दुकानात सगळे प्रवासी हेच करत होते. कोणी सुकी केळी घेत होतं, कोणी कॉफी, एकजण नुसतीच टोपली घेऊन गरागरा फिरत होता. सौ.ने उरलेल्या सगळ्या नोटा काउंटरवर ओतल्या आणि कॉफीच्या पुड्यांकडे बोट केलं, म्हणजे यात बसतील तेवढ्या. काउंटरवरच्या मुलीने गड्डी डाव्या बोटांत अडकवली आणि मोजली. एकदाच, ओठ न हलवता. मीही मनात तिच्याबरोबर मोजत होतो. आमचं जुळलं. त्या सबंध प्रवासात जुळलेली ती एकमेव गोष्ट.

पुलाकडे बस निघाली तेव्हा मी वही मागून घेतली. लाओसमध्ये गाड्या रस्त्याच्या उजवीकडून जातात आणि थायलंडमध्ये डावीकडून, त्यामुळे या पुलापाशी बाजू बदलावी लागते, ते बघायला बस डावीकडे झुकली होती, मी वहीत.

"ही संत्री बारा हजार. बारा हजार काय?"

"संत्री," सौ. म्हणाली.

"ते कळलं. डोंग असतील तर चाळीस रुपये. किप असतील तर अठ्ठेचाळीस. पण रिएल असतील तर अडीचशेच्या वर गेले. फरक केवढ्याला पडतो बघ. कुठे घेतलीस?"

तिने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "हिरव्या सालीची होती."

"हिरव्या सालीची तिन्हीकडे होती!"

"मग गोड होती," ती म्हणाली, आणि बाजू बदलते ते बघायला खिडकीकडे वळली.