भिकार पार्श्वसंगीताचा वार्षिक उत्सव

पुरे झालं आता! २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो, त्यामुळे गावोगाव सिनेमा कळणारे वाढले, मान्य. पण दर नोव्हेंबरात भाजीपाव खाताना तोच वाद? ‘सगळ्यांत भिकार पार्श्वसंगीत कुठलं?’

एक म्हणतो, ऐंशीच्या दशकातलं, सिंथेसायझरवालं. दुसरा उसळतो, हल्लीची ढणढण ऐकलीस का रे? तिसऱ्याला व्हायोलिनचं वावडं. आई वारली, व्हायोलिन. पोरगा नापास, व्हायोलिन. कुत्रं हरवलं तरी व्हायोलिन! (इथे माझी मूक सहमती.)

बरं, भिकार म्हणजे नेमकं काय बाबांनो? चाल? वाद्यमेळ? मिक्सिंग? की सासूनं मान वळवली आणि तीनदा वीज कडाडली म्हणून? उत्तर ठरलेलं, ‘फील येत नाही.’ अरे, संवाद ऐकू येऊ नये इतका आवाज चढवला तो मिक्सिंगच्या टेबलावर, त्याचं पाप संगीतकाराच्या माथी कशाला?

आणि खरी चीड पुढेच. हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले कुणी? आपल्याच गोंयकारांनी! सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यमेळ बांधला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. या रसिकशिरोमणींना अँथनी कोण, विचारून बघा. ‘अमिताभ ना? अंड्यातून बाहेर येतो तो?’

आणि हे म्हणे स्वरांचे न्यायाधीश! चहा सांगतात माझ्या नावावर, तो वेगळाच.