मुडदे मोजून दुष्टपणा ठरत नाही

मुलुंडकर, तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तावातावाने लिहिलेली आहे. उत्तरही लांबलचक येणार, ताव तेवढा बाजूला ठेवतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ॲनिमेटेड सुपरहिरो मालिकांतल्या अस्सल दुष्ट व्हिलनांच्या माझ्या यादीत मी बॅटमॅनचा शत्रू जोकर आणि सुपरमॅनचा शत्रू डार्कसाइड यांना डोक्यावर बसवलं, हजारो माणसं मारणाऱ्या ऑम्नी-मॅनला खाली ढकललं, आणि बॅटमॅनचाच दुसरा शत्रू मिस्टर फ्रीझला ‘बायको आजारी’ म्हणून सोडूनच दिलं. वर तुम्ही विचारलंत, की ज्या कार्टूनमध्ये रक्ताचा थेंब दाखवायची चोरी, त्यातला जोकर कसला डोंबलाचा दुष्ट?

डोंबलापासूनच सुरुवात करू. ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ १९९२ साली अमेरिकेत फॉक्सवर आली, पोराटोरांच्या वेळेत. मुडदे पाडायला मनाई. माझ्या मते त्या मनाईनेच लेखकांचं भलं केलं, कारण दुष्टपणा दाखवायला त्यांना दुसरी जागा शोधावी लागली. ‘जोकर्स फेव्हर’ हा भाग तुम्ही पाहिलेला दिसत नाही, नाहीतर हा प्रश्न आला नसता. (जोकरची साथीदार हार्ली क्विन पहिल्यांदा दिसते तो हाच भाग. पण तो विषय काढला तर आज जेवण व्हायचं नाही.)

चार्ली कॉलिन्स नावाचा एक साधा नोकरदार. दिवस वाईट गेलेला, संध्याकाळी घरी निघालाय, रस्त्यात एक गाडी आडवी घुसते आणि हा त्या ड्रायव्हरचा उद्धार करतो. सायनच्या सिग्नलला आपण सगळेच करतो तेवढाच. त्या गाडीत जोकर असतो. तो पाठलाग करून चार्लीला गाठतो. चार्ली गयावया करतो, घरी बायको आहे, मुलगा आहे, म्हणाल ते करीन. जोकर म्हणतो, बरं, एक काम उधार राहिलं. लायसन्स काढून घेतो आणि सोडून देतो. दोन वर्षं जातात. चार्लीने गाव बदललंय, नाव बदललंय. आणि एक दिवस फोन वाजतो.

आता काम काय? पोलीस कमिशनर गॉर्डनच्या सत्काराला हार्ली मोठा केक ढकलत आणणार, तेव्हा चार्लीने दार उघडून धरायचं. बस्स. जोकरच्या टोळीतल्या कुठल्याही सोम्यागोम्याने केलं असतं. त्यासाठी दोन वर्षं एका कुटुंबावर पाळत ठेवायची, आणि काम झाल्यावर त्या माणसाचा हात दाराच्या मुठीला चिकटवून, खोलीत बॉम्ब ठेवून निघून जायचं. या सगळ्यात जोकरचा एका पैचा फायदा नाही. चार्ली त्याचा शत्रू नाही, अडथळा नाही, कुणीच नाही. मुलुंडकर, माझी फूटपट्टी हीच आहे: ज्याच्यापासून काही मिळायचं नाही आणि ज्याची भीतीही नाही, अशा माणसाशी तो कसा वागतो?

शेवटी गल्लीत चार्लीच बॉम्ब हातात घेऊन जोकरला गाठतो, की चल, आपण दोघंही उडू. जोकर अक्षरशः बॅटमॅनला हाका मारतो. मरणापेक्षा एका फालतू माणसाच्या हातून मरण्याची लाज त्याला जास्त वाटते. बॉम्ब खोटाच असतो, पण तोवर चार्लीने त्याला बरोबर ओळखलेलं असतं.

डार्कसाइडला हीच फूटपट्टी लावा. सुपरमॅनच्या ॲनिमेटेड मालिकेतला १९९८चा ‘अपोकलिप्स... नाऊ!’ हा जोडभाग. डार्कसाइड पृथ्वी जिंकत आलेला, सुपरमॅनला जखडून लोकांपुढे मिरवतोय. डॅन टर्पिन हा साधा पोलीस लोकांना उभं करतो, सुपरमॅनला सोडवतो. मग न्यू जेनेसिस या डार्कसाइडच्या शत्रूग्रहाची फौज येते आणि डार्कसाइडला माघार घ्यावी लागते. लढाई संपली. जाता जाता तो वळतो, डोळ्यांतून किरण सुटतात आणि टर्पिन जागच्या जागी नाहीसा होतो. एक माणूस, फक्त एक. सुपरमॅन मागे राहिलेल्या रणगाड्याचा चेंदामेंदा करतो, पण ऐकायला समोर कुणी नसतं. टर्पिनचा चेहरा कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी यांच्यावरून घेतलेला आहे, आणि डार्कसाइड ही कर्बींचीच निर्मिती. भाग त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलाय.

आता ऑम्नी-मॅन. ‘इन्व्हिन्सिबल’ या मालिकेच्या पहिल्या सीझनच्या शेवटी तो पोटच्या पोराला धावत्या भुयारी ट्रेनसमोर धरतो आणि अख्खी ट्रेन, माणसांसकट, त्या पोरावर आदळून फाटत जाते. जन्मभर लोकलला लटकलेल्या माणसाला ते बघवत नाही, मलाही बघवलं नाही. पण आकडा बाजूला ठेवलात तर काय दिसतं? त्याला साम्राज्य हवंय, मुलगा बाजूने हवाय, म्हणून हा धडा. क्रूर आहेच. तरी मुलाला मरेस्तोवर मारताना त्याचा हात थांबतो आणि तो रडत निघून जातो. डार्कसाइड रडला असता? खरं तर माझ्या अंगावर काटा आला तो ट्रेनने नाही. बायकोवर प्रेम आहे, पण पाळीव प्राण्यावर असतं तसं, हे तो मुलाला शांतपणे सांगतो तेव्हा आला. तुमच्या यादीत त्या वाक्याचा उल्लेखही नाही.

फ्रीझला मी माफ केलं, हे तुम्ही कुठे वाचलंत? पाय गोठलेल्या आपल्याच माणसाला तो मागे टाकून जातो, मी लिहिलं होतं. पण ‘हार्ट ऑफ आइस’ हा त्याचा बॅटमॅन मालिकेतला भाग नीट बघा. आजारी बायकोला वाचवायचा त्याचा प्रयोग खर्च होतो म्हणून बंद पाडणारा, त्याला लाथेने रसायनांत ढकलणारा आणि पुढे मानवतेसाठी सत्कार घेणारा माणूस म्हणजे कंपनीचा साहेब, फेरिस बॉइल. ना मुखवटा, ना बंदूक, फक्त सूट. त्या भागातला खरा व्हिलन तो. आणि गंमत बघा, बॉइलला आवाज मार्क हॅमिलचा आहे, पुढे ज्याने जोकर अजरामर केला.

किल्विषबद्दल तुम्ही एक ओळ टाकलीत. ‘अंधेरा कायम रहे’ ओरडून कुणी दुष्ट होत नाही, आणि १९९७चा तो शक्तिमान कार्टून नव्हता.

‘टीन टायटन्स’ या मालिकेतला व्हिलन स्लेड, त्याच्यावरून मात्र तुम्ही मला पकडू शकला असतात. त्याला वारस हवाय, म्हणजे फायदा आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने तो खालच्या पायरीवर. पण वारस म्हणून हेरलेल्या रॉबिनने नकार दिला की तो बटण दाबून त्याच्या मित्रांना तडफडवतो, ते निव्वळ कामापुरतं वाटतं का तुम्हाला? मला नाही वाटत. म्हणून तो तिसऱ्या नंबरावर आहे, आणि तिथून हलवायचा असेल तर नवा मुद्दा घेऊन या. मुडद्यांचा आकडा चालणार नाही.