अण्णांचे टोमॅटो आणि तिसरा कटिंग

नाशिकच्या गंगापूर रोडवर चहाच्या टपरीवर रविवारचा कट्टा बसला, तो अण्णांच्या तडकलेल्या टोमॅटोंवरून पेटला. गच्चीवर आठ रोपं, सगळी पुसा रुबी या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाची. फळं लालीवर आली आणि दोन दिवस अवेळी पाऊस कोसळला.

"वाणच चुकलं तुमचं," मास्तरांनी निकाल दिला. "अर्का रक्षक लावा. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं संकरित वाण आहे. पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना दाद देत नाही."

"मग पाऊस कोणाला दाद देतो?" बंड्याचे काका पिंपळगावच्या बाजारात माल नेतात, त्यामुळे तो शेतीवर जरा अधिकारानेच बोलतो. "फळं तडकली ती रोगाने नाही. माती कोरडी असताना एकदम पाणी मिळालं की फळ आतून फुगतं, साल तेवढी ताणत नाही. आणि थंडी-धुक्यात येतो तो उशिराचा करपा. त्याला तुमचं रक्षक काय करणार? त्यासाठी त्याच संस्थेचं संकरित अर्का अभेद घ्या."

मास्तर गप्प. (हे क्वचित होतं, म्हणून नोंदवून ठेवतो.)

अण्णा मात्र हटेनात. "संकरित बी दरवर्षी विकत घ्यायचं? माझ्या रुबीचं बी मी घरीच धरतो. संकरिताचं धरलं तर पुढच्या पिढीत कसलं झाड निघेल, भरवसा नाही. आणि कोशिंबिरीला ती आंबट चव कुठून आणू?"

इथे मीही तोंड घातलं. रोगापेक्षा मला झाडाची ठेवण महत्त्वाची वाटते. ठेंगण्या झाडांना बरीचशी फळं एकदमच येतात. नेमके तेच पंधरा दिवस पावसाने गाठले की हंगाम गेला. २०२३च्या नोव्हेंबरातली गारपीट आठवा. उंच वाढणारं झाड तार-बांबूवर चढवलं, तर महिनोन्महिने फुलत राहतं. एक तोडा गेला, तरी पुढचा हाती येतो.

"उन्हाळ्यात फुलं गळतात त्याचं काय?" अण्णांनी विचारलं.

"दिवसा पस्तिशीच्या वर गेलं, रात्रीही उकडलं, की परागच नीट काम करत नाही," मास्तरांना पुन्हा कंठ फुटला. "तिथे चेरी टोमॅटो बरा. मोठ्या फळांपेक्षा उन्हात जास्त धरतो."

"चेरीही तडकतो हो पावसात," बंड्या म्हणाला. "पण घोसातले चार गेले तरी दहा उरतात. आणि अण्णा, कुंडीत पालापाचोळा पसरा, पाणी रोज थोडं द्या. आठही रोपं एकाच दिवशी लावू नका. चार आत्ता, चार तीन आठवड्यांनी."

तिसरा कटिंग आला तेव्हा अण्णा हिशेब करत होते: दोन चेरी, दोन अभेद, एक रक्षक.

"राहिली तीन," मास्तर म्हणाले.

"ती रुबी," अण्णांनी बशीत चहा ओतला. "पत्र्याखाली लावीन. ऊन कमी पडेल तिथे, पण पाऊस तरी लागणार नाही."




"पत्र्याखाली टोमॅटो!" मास्तर उठलेले परत बसले. बंड्याने चौथा सांगितला.