राहिलेला पूर्णविराम

मी व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देते. भाचा म्हणतो, "मावशी, तू सारखी रागावल्यासारखी वाटतेस." वाटू दे. अर्धवट सोडलेलं वाक्य मला बघवत नाही. त्यामुळे पुढे जे झालं ते माझ्याच बाबतीत व्हायला नको होतं.

हौसेनं स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं, मेलचा नवा पत्ता सगळ्यांना कळवला, आणि चार दिवस एकही मेल नाही. आधी वाटलं, कुणाला माझी आठवणच येत नसेल. मग मैत्रिणीचा फोन आला, "अगं, तुला पाठवलेला मेल परत आला. असा होस्टच नाही म्हणतात!"

होस्टिंगच्या मदतकक्षाला विचारलं. "मॅडम, प्रॉपगेशन चालू आहे. २४ ते ४८ तास थांबा." प्रॉपगेशन, म्हणजे प्रसार. शब्द असा भारदस्त, की माझा पत्ता हातात कंदील घेऊन खंडोखंडी दारं ठोठावत फिरतोय असंच डोळ्यांपुढे आलं. मी मुकाट्यानं थांबले. ४८ तासांनीही तेच उत्तर. शेवटी भाच्याला बसवलं.

त्यानं काळ्या खिडकीत डिग नावाची, डोमेनच्या नोंदी विचारणारी आज्ञा दिली आणि एमएक्स नोंद मागवली. या डोमेनचं टपाल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचं, ते ही नोंद सांगते. उत्तर आलं: मेल.माझंनाव.कॉम.माझंनाव.कॉम.

"मावशी, शेवटी टिंब दिलं नाहीस."

मी? टिंब?

तर आमच्या पॅनेलची, म्हणजे मी या नोंदी जिथे भरल्या त्या पानाची, रीत अशी, की नावाच्या शेवटी टिंब नसलं तर ते नाव अपुरं समजायचं आणि मोठ्या मायेनं पुढे डोमेनचं नाव जोडून टाकायचं. जन्मभर लोकांची विरामचिन्हं दुरुस्त करणाऱ्या बाईशी हा कुठला हिशेब चुकता केला कोण जाणे. टिंब दिलं. तरी मैत्रिणीचा मेल परत!

कारण प्रॉपगेशन नावाचं फिरणंबिरणं काही नसतंच. ज्या सर्व्हरनं एकदा चौकशी केली, तो मिळालेलं उत्तर टीटीएल, म्हणजे त्या उत्तराची मुदत, संपेपर्यंत उराशी धरून बसतो, चुकीचं असलं तरी. माझा टीटीएल होता ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा एक दिवस. बदल करायच्या आधी तो ३०० वर आणून ठेवायचा असतो, हे बदल केल्यानंतर कळलं. चूक दुरुस्त करून झाली होती. आता जगानं ती विसरायची वाट बघायची.

येणारे मेल यायला लागले, तर जाणारे स्पॅममध्ये! माझ्या नावानं मेल धाडायची मुभा कुणाकुणाला, त्याची यादी म्हणजे एसपीएफ. मेलसेवेनं सांगितली ती मी टाकली, वेबसाइटच्या फॉर्मसाठी सांगितली तीही टाकली. दोन असलेल्या बऱ्या. पण यादी एकच चालते. दोन दिसल्या की तपासणारा एकही धड मानत नाही, सरळ 'परमएरर', म्हणजे कायमची चूक, असं लिहून मोकळा होतो. दोन्हींची एक केली. मेल खरंच माझ्या डोमेनचा आहे हे पटवणारी डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. तिची २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांच्या मापात मावेना, म्हणून तिचे तुकडे करावे लागले. त्या संध्याकाळबद्दल मी बोलणार नाही.

जाता जाता भाच्यानं डीमार्कची नोंदही घातली. माझ्या नावानं कोण काय पाठवतंय त्याचे अहवाल मागवायला पत्ता लागतो, माझाच दिला.

आता मेल येतात. पहिला अहवाल आला तेव्हा मी भाच्याला ओरडून बोलावलं. झिप फाइल, आत एक्सएमएल. त्यानं ती उघडून वाचली: "तुझ्या डोमेनवरून ३ मेल आले. एसपीएफ पास, डीकेआयएम पास."

"कुणी पाठवले गं?" मैत्रिणीनं फोनवर कौतुकानं विचारलं.

मीच. तिन्हींचा विषय 'टेस्ट.' होता, पूर्णविरामासकट.