एकशे सोळा विजय आणि एक तिकीट

१९ नोव्हेंबर आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २०२३चा वर्ल्डकप उकरला जातो. ओळीने दहा सामने जिंकले, अहमदाबादचा अकरावा घालवला. डोंबिवलीहून दादा दर वर्षी तेच लिहितो: ‘दहा जिंकून काय दिवे लावले?’ मी सिएटलहून काही बोललो की म्हणतो, ‘तुला तिथे बसून काय कळणार!’

थोडं कळतं. इथल्या मरिनर्स या बेसबॉल संघाने २००१मध्ये १६२ पैकी ११६ सामने जिंकले होते. त्याआधी संघाचे बडे खेळाडू सोडून गेले होते: रँडी जॉन्सन गेला, केन ग्रिफी गेला आणि ॲलेक्स रॉड्रिग्जने तर दहा वर्षांचे २५.२ कोटी डॉलर घेऊन टेक्सासचा संघ गाठला. मग जपानहून काटकुळा इचिरो सुझुकी आला आणि पहिल्याच मोसमात २४२ हिट्स मारले (तितक्यांदा चेंडू टोलावून बेस गाठला) आणि ५६ बेस चोरले, म्हणजे चेंडू टोलावला जाण्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला. रॉड्रिग्जचा टेक्सास त्याच गटात तळाला, मरिनर्सच्या ४३ सामने मागे. (हे सांगताना इथले लोक अजून गालातल्या गालात हसतात.) ११ सप्टेंबरनंतर आठवडाभर खेळ बंद होता. १९ तारखेला गट जिंकला तेव्हा खेळाडू जल्लोष न करता झेंडा घेऊन मैदानात गुडघ्यांवर बसले. ऑक्टोबरात सेमीफायनलसारख्या मालिकेत न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने पाच सामन्यांतच गाशा गुंडाळायला लावला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनलची मालिका, राहिलीच. १९०६मध्ये शिकागो कब्ज या संघानेही ११६ जिंकले होते. तेही शेवटी हरलेच.

दादाचं अगदीच चूक नाही. वर्ल्डकप चार वर्षांनी येतो, त्यात एक संध्याकाळ सगळं खाऊन टाकते. इथे एप्रिलपासून रोज सामना, त्यामुळे हरण्याची सवय होते. त्या विक्रमी संघानेही ४६ गमावले. आणि अमेरिकन माणूस फार उदार असतो असंही नाही, यांकीजवाल्यांसमोर ११६चं नाव काढून बघा. पण सिएटलकर तो मोसम टाकून देत नाहीत. दादाने मात्र शेवटच्या दिवसापायी आधीचे दहाही टाकले, हे मला पटत नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांनी त्या वर्षीचे सामने रेडिओ ऐकत पेन्सिलीने वहीत उतरवलेत. मला त्यांनी आधी उघडून दाखवलं ते ५ ऑगस्टचं पान: क्लीव्हलँडमध्ये १४-२ अशी आघाडी, आणि अकराव्या इनिंगमध्ये १५-१४ने हार. खोडून खोडून कागद फाटलाय. ‘काय मॅच होती!’ म्हणाले.

दादा वानखेडेवरच्या सेमीफायनलला स्वतः हजर होता. कोहलीचं पन्नासावं शतक, शमीच्या सात विकेट्स, सगळं डोळ्यांदेखत. परवा फोनवर विचारलं, ते तिकीट आहे का रे अजून?

‘कुठलं तिकीट? फेकलं असेन.’

मागून वहिनी ओरडली, ‘कपाटात आहे, एलआयसीच्या कागदांत. हात लावू देत नाहीत.’