काळ्या दगडावरची रेघ

इंदुरात, रामबागेत वाढलेल्या माणसाचा समुद्राशी संबंध म्हणजे मुंबईच्या मावशीकडे गेलं की जुहूवर भेळ खाणं, तीही "आपल्या छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीत याहून बरी मिळते" असं म्हणत. त्यामुळे बेलफास्टला एम.एस्सी.साठी गेल्यावर पहिल्याच महिन्यात वर्गातल्या मंडळींनी अँट्रिमचा किनारा बघायचं ठरवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वाळू आणि घोडागाडी आली. मी सँडल घालून खाली उतरले. केरळच्या मैत्रिणीने माझ्या पायांकडे पाहिलं आणि काही न बोलता आपले जास्तीचे बूट आणून दिले. एक नंबर मोठे होते. तो एक नंबर नंतर दिवसभर माझ्याशी बोलत होता.

आम्ही पाच जण. ती, मी, नायजेरियाचा एक, स्पेनची एक आणि चीनचा एक मुलगा, जो कुठेही जाताना थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी नेतो. मी पाच जणांचे पोहे केले होते. शेव वेगळ्या पिशवीत, वरून भुरभुरायचा जीरावन मसाला वेगळ्या पुडीत. आईची फोनवर तशी सक्त ताकीद होती.

वाटेत डनल्यूसचा पडका किल्ला लागला, अगदी कड्याच्या टोकावर. 1639 साली वादळी रात्री त्याचं स्वयंपाकघर आचाऱ्यांसकट समुद्रात कोसळलं, अशी तिथली दंतकथा. जेवणाची वाट बघत बसलेले सगळे वाचले, रांधणारे गेले. परक्या देशात मला तेव्हा पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

मग जायंट्स कॉजवे. माहिती केंद्राला तिकीट आहे, पण दगडांपर्यंत चालत जायला काही पडत नाही, हे शोधून काढायला अर्थातच इंदूरचं माणूस लागलं. खाली सुमारे 40,000 खांब, एकाला एक चिकटलेले, बहुतेक सहा कोनांचे, पायऱ्यापायऱ्यांनी समुद्रात उतरत गेलेले. 1986 पासून ते युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, थंड होताना आकसला आणि उन्हाळ्यात तळं आटल्यावर गाळ तडकतो तसा तडकला. हे भूगोलाचं म्हणणं. बसचा ड्रायव्हर म्हणाला, फिन मॅकूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला हा रस्ता बांधला. मग तो पलीकडचा किती दांडगा आहे ते पाहून फिनची पाचावर धारण बसली. बायकोने त्याला दुपटं गुंडाळून पाळण्यात निजवलं. पाहुण्याने विचार केला, तान्हं एवढं तर बाप केवढा, आणि रस्ता उखडत उखडत तो पळाला. म्हणजे युद्ध बायकोने जिंकलं. तिचं नाव मात्र ड्रायव्हरला आठवलं नाही.

मी छत्री उघडली. इंदुरातले चार पावसाळे काढलेली छत्री होती ती. क्षणात तिची डिश अँटेना झाली, आणि पुढच्या क्षणी माझ्या हातात फक्त दांडा. पाऊस वरून नव्हे, बाजूने येत होता. काही तर खालून. ओल्या दगडावर माझे बूट पुढे गेले, पाय बुटात मागे राहिले, आणि मी एका षट्कोनावर अशी बसले की तो कुणीतरी मापानेच घडवला असावा.

बसलेच आहे तर जेवून घ्यावं. डबा उघडला, पोह्यांवर शेव टाकायला पिशवी सोडली, आणि अर्धा पाव रतलामी शेव अटलांटिकच्या दिशेने निघून गेली. समुद्रपक्ष्यांचा एक थवा तिच्यामागे गेला. उरलेले पोहे आम्ही पाठ वाऱ्याला करून खाल्ले. नायजेरियाच्या मित्राने जीरावनाची पुडी खिशात घातली ती कायमचीच. तो हल्ली ते उकडलेल्या बटाट्यावर घालतो.

दुपारचे बारा, म्हणजे घरी साडेचार, चहाची वेळ. मी व्हिडिओ कॉल लावला. काका बांधकाम खात्यातून निवृत्त. त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाशी नेला.

"बेटा, हा तर आपला काळा दगड आहे!"

"काका, हा जागतिक वारसा आहे."

"आपल्या मागच्या न्हाणीला लागलाय तो. त्याच्यासाठी एवढे पैसे लावले?"

मागून काकूंचा आवाज आला, "कान बांध आधी."

मी काय सांगणार? माळव्याखालचा आमचा बसाल्ट, म्हणजे हाच थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांचा. नात्याने पाहिलं तर न्हाणीतला दगडच थोरला.

पुढे कॅरिक-ए-रीडचा दोरांचा पूल. 1755 साली सॅमन पकडणाऱ्या कोळ्यांनी इथे पहिला पूल टांगला. लांबी 20 मीटर, खाली 30 मीटरवर समुद्र. मी राजवाड्याच्या सातव्या मजल्यावरून कधी खाली पाहिलेलं नाही. ते 20 मीटर मी जेवढ्या वेळात पार केले, तेवढ्यात रामबागेतून निघून सराफ्यात कचोरी खाऊन परत येता येतं. पलीकडे पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कळलं, ते बेट आहे. परतीलाही तोच पूल.

सुट्टीत घरी आले तेव्हा काकांनी गाडी तयारच ठेवली होती. देवास जिल्ह्यात, बागलीजवळ कावडिया पहाड. काळ्या खांबांच्या चळतीच चळती, कोन तसेच, ओळी तशाच. समुद्र तेवढा नाही. आणि इथले दगड म्हणे भीमाने आणून टाकले. राक्षस नाही तर भीम, पण आळ घ्यायला कुणीतरी धिप्पाड लागतोच. तेवीस वर्षं इंदुरात काढून मी हे नावही ऐकलं नव्हतं. काका ऐकून होते, आले तेही पहिल्यांदाच. ते मात्र त्यांनी घरी सांगायचं नाही असं ठरलंय.

काकू शेव सांडू न देता पोहे वाढत होत्या. काकांनी एक गोटा उचलून खांबावर मारला. टणण्ण! थेट घंटेसारखा.

"तुमचा तिकडचा वाजतो का?"

मी वाजवून पाहिलाच नव्हता. नायजेरियाच्या मित्राला मेसेज केला. तो भला माणूस पुढच्या रविवारी खास तेवढ्यासाठी तिथे गेला आणि त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. चाळीस सेकंद नुसता वारा. काकांनी दोनदा कान लावून ऐकलं.

"नाही वाजत," ते म्हणाले, आणि समाधानाने चहा बशीत ओतला.