‘नेक्स्ट-नेक्स्ट करा, झालं’ असं सांगणाऱ्यांना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. शब्द बदलतात, मुद्दे तेच. जुना लॅपटॉप भंगारात काढू नका, विंडोजच्या जागी लिनक्स ही सिस्टिम टाका. पंधरा मिनिटांचं काम आहे. नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत जा. डेटा कुठेही जात नाही. आणि एवढंही जमत नसेल तर कॉम्प्युटरच्या भानगडीत पडू नका.

पहिला मुद्दा एकदम मान्य. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यापायी धडधाकट मशिनं बाद ठरली आणि त्यांतल्या बहुतेकांवर मिंट किंवा उबंटू ही लिनक्सची रूपं झकास चालतात. माझं भांडण उरलेल्या मुद्द्यांशी आहे.

पंधरा मिनिटं? एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असेल तर नुसत्या फाइल्स कॉपी व्हायला तेवढी लागत असतील. त्याआधी उबंटूची पाच-सहा जीबीची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची अख्खी फाइल, उतरवायची असते. ती पेन ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून चालत नाही, रुफससारख्या प्रोग्रामने लिहावी लागते, आणि तेव्हा पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह कुणी हाती घेतला तर? मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

नेक्स्ट-नेक्स्टचं म्हणाल, तर ते बटण दिसेपर्यंतच नवख्याचा दम निघतो. पेन ड्राइव्हवरून मशिन सुरू करायला डेलवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. लेनोव्होच्या काही लॅपटॉपना बाजूला टाचणी घालायचं भोक असतं. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत एफ१२ चालावं म्हणून आधी बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करावं लागतं. कंपनीचा लोगो दोन सेकंद दिसतो, तेवढ्यात बटण दाबलं नाही की पुन्हा विंडोज हजर. एवढं करून इन्स्टॉलर उघडला, तर काही मशिनांवर तो म्हणतो, इंटेल आरएसटी (डिस्क हाताळायची इंटेलची एक सोय) बंद करा. सांगितलं म्हणून बायोसमध्ये जाऊन बंद केलं, की विंडोज उठायचं थांबतं.

सगळ्यात घातक वाक्य मात्र ‘डेटा कुठेही जात नाही’ हेच. आपल्याकडे गल्लीतला कॉम्प्युटरवाला एकाच हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतो आणि बजावतो, महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा, फॉरमॅट मारला तरी डी ला धक्का लागणार नाही. लोकांनी वर्षानुवर्षं ते पाळलं, कारण विंडोज पुन्हा टाकताना तो फक्त सी पुसायचा. आता उबंटूचा इन्स्टॉलर विचारतो, ‘इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल उबंटू’? आपलं सगळं तर डी मध्ये आहे, असं म्हणून माणूस निर्धास्तपणे ‘हो’ म्हणतो. पण इथे डिस्क म्हणजे अख्खी डिस्क, सी आणि डी दोन्ही. विंडोजशेजारी बसवायचा पर्यायही असतो, पण विंडोज ओळखू आलं तरच. हाताने पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, निवडायला गेलं, तर यादीत सी नाही, डी नाही. एसडीए१, एसडीए३ अशी नावं. त्या ओळीशेजारी ‘विंडोजमधला डी, यात तुमच्या फाइल्स आहेत’ एवढं लिहिलं, तरी कितीतरी घरांतले फोटो वाचतील. बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर आणखी वेगळी तऱ्हा: बूटच्या, म्हणजे मशिन सुरू होण्याच्या, सेटिंगला हात लावला की विंडोज ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आणि त्या अकाउंटचा पासवर्ड कुणाला आठवतोय?

राहिला शेवटचा टोमणा. इन्स्टॉलेशन सोपं झालं ते कुणीतरी मनावर घेतलं म्हणून. १९९९ मध्ये काल्डेरा या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये फाइल्स कॉपी होईपर्यंत टेट्रिस खेळता यायचं. २००६ च्या उबंटू ६.०६ पासून सीडीवरूनच आधी चालवून बघा आणि पटलं तर तिथूनच बसवा, अशी सोय आली. डेबियन या लिनक्सने २०२३ मध्ये, बाराव्या आवृत्तीपासून, वायफायसारख्या गोष्टींना लागणारं बंदिस्त फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारे, कोड खुला नसलेले प्रोग्राम) अधिकृत आयएसओत घातलं. तोवर वायफाय चालवायला फर्मवेअर उतरवा आणि ते उतरवायला नेट शोधा, असा मामला होता. सगळं खुलंच हवं म्हणणाऱ्या तत्त्वाच्या लोकांना ते रुचलं नाही, पण माझ्या मते देखण्या पडद्यांपेक्षा तो निर्णय नवख्याच्या जास्त कामाचा.

आणि वुबी! २००८ च्या उबंटूबरोबर आलेला हा प्रोग्राम विंडोजमध्येच डबल क्लिक करून उबंटू बसवायचा, नको झालं की इतर सॉफ्टवेअरसारखं काढून टाकायचं. पार्टिशनला हात नाही. तो थोडा संथ होता, अचानक वीज गेली तर फाइल बिघडायची भीतीही होती, आणि २०१३ मध्ये उबंटूने त्याला वगळलं. बूटच्या बटणापाशी अडणाऱ्याचा विचार त्याच्याइतका दुसऱ्या कुणी केल्याचं मला दिसत नाही.

विंडोजमधूनच बिटलॉकर, आरएसटी आणि डी मधली जागा तपासून मग पुढे नेणारा प्रोग्राम आज नक्कीच लिहिता येईल. तोवर मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी त्यात दोन ओळी घालाव्यात. एक, डी सकट सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. दोन, बहुतेक नव्या पद्धतीच्या, म्हणजे यूईएफआय मशिनांवर एफ१२ शोधत बसू नका. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेन ड्राइव्ह निवडा.